निवडणारा हात

भाजीच्या पाटीसमोर वाकलेली बाई भेंडीचे टोक मोडून पाहते. दुधीला नख लावते. नारळ कानाशी नेऊन हलवते. यात पारख थोडी आणि अधिकार जास्त असतो. वस्तू अजून तिची झालेली नसते. ती नाकारण्याचा हक्क मात्र तिचा झालेला असतो.

मोडलेल्या भेंडीचे नुकसान विकणाऱ्याच्याच पदरात पडते. तरीही मुरलेले भाजीवाले हात लावू देतात. हात लागलेली भाजी पिशवीत जायला वेळ लागत नाही, हे त्यांना कोणी शिकवलेले नसते.

स्वतः वेचलेल्या टोमॅटोंतला एक घरी किडका निघाला, तर माणूस आपल्या डोळ्यांना दोष देतो. दुकानदाराने भरून दिलेल्यांतला एक किडका निघाला, तर दुकानदार लबाड ठरतो. टोमॅटो दोन्हीकडे सारखाच असतो.

ग्राहकाला निवडू द्यावे, खरेदीत सामील करून घ्यावे, म्हणजे विक्री वाढते, असे व्यापाराचे जाणकार सांगतात. ते खरे आहे. निवडणाऱ्याकडे वस्तूबरोबर तिची जबाबदारीही जाते. जबाबदारी घेतलेला माणूस आपल्या निवडीची बाजू घेतो, शेजाऱ्यांजवळ तिचे कौतुक करतो आणि तिच्यातला दोष पोटात घालतो. एवढे बळ ज्या कृतीत आहे, ती सावकाश पाहण्यासारखी आहे.

*

वाण्याच्या दुकानात पूर्वी मध्ये फळी असे. अलीकडे ग्राहक, पलीकडे माल. ग्राहकाने जिनसांची नावे सांगायची आणि वाण्याने काढून, तोलून, पुडी बांधून द्यायची. कोणती डाळ द्यायची हे वाणी ठरवी. उधारी असेल तर आवाज खाली घेऊन मागावे लागे. मागणाऱ्या माणसाची पाठ थोडी वाकतेच.

1916 साली अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी ‘पिगली विगली’ नावाचे दुकान काढले आणि ही फळी हटवली. लोकांनी टोपली घेऊन फडताळांमधून फिरावे, हवे ते आपल्या हाताने उचलावे, बाहेर पडताना पैसे द्यावेत. नोकरांचा खर्च वाचला, पण तेवढ्याने ही पद्धत जगभर गेली नसती. मागताना माणूस चारदा विचार करतो. उचलताना त्याला कोणी पाहत नसते. काही वर्षांत या नावाची दुकाने शेकड्यांनी झाली.

सॉन्डर्स यांनी या दुकानाच्या रचनेचे पेटंट 1917 साली मिळवले. त्या रचनेत आत शिरल्यावर वाट एकच होती. ती साऱ्या फडताळांवरून वळणे घेत गल्ल्यापाशी पोहोचत असे. मीठ घ्यायला आलेल्या माणसालाही सगळे पाहूनच बाहेर पडावे लागे. वस्तू निवडण्याचे स्वातंत्र्य ग्राहकाला मिळाले आणि वाट मालकाने आपल्याकडे ठेवली. निवड देणारा आणि वाट आखणारा एकच असतो, ही या व्यवहारातली मूळ अडचण आहे. ती त्या पहिल्या दुकानातच होती.

पुढे 1937 साली ऑक्लाहोमा शहरात सिल्व्हन गोल्डमन यांच्या ध्यानात आले, की टोपली जड झाली म्हणजे लोक खरेदी थांबवतात. त्यांनी टोपलीला चाके लावली. तोवर माणसाचा हात त्याला सांगत असे, की आता पुरे. तो सांगणारा हात मोकळा झाला.

*

आपल्याकडे निवडीची भूक मोठी आहे. तिची कारणे जुनी आहेत.

रेशनच्या रांगेत उभ्या राहिलेल्या पिढ्यांनी ‘या महिन्यात काय आले’ एवढेच विचारले. 1972 च्या दुष्काळात परदेशातून आलेली मिलो ज्वारी महाराष्ट्राने खाल्ली. ती कोणाला आवडते का, हा प्रश्नच नव्हता. स्कूटरसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे थांबत. टेलिफोनचेही तसेच. नंबर लागला की पेढे वाटले जात. पैसे मोजून घेतलेली वस्तूही कृपा म्हणून घरी येई.

निवडता न आलेला माणूस वस्तूवर फार काळ रागावत नाही. तो हळूहळू आपली आवडच विसरतो. त्या पिढीतल्या अनेकांना आज दुकानात ‘तुम्हांला कोणता हवा’ असे विचारले, तर ते गोंधळतात आणि ‘कोणताही द्या’ म्हणतात. त्याला आपण साधेपणा म्हणतो. त्यात न वापरलेल्या हक्काचे दुखणेही असते.

याहून खोल एक गोष्ट आहे. गावगाड्यात काही माणसांना दुकानाची पायरी चढता येत नसे. नाणी लांबून टाकायची आणि माल लांबूनच घ्यायचा. कापडाचा पोत बोटांनी पाहणे, धान्याचा दाणा दाताखाली फोडणे त्यांच्या वाट्याला आले नाही. त्यांच्याकडून पैसा घेतला गेला आणि पसंती घेतली गेली नाही. हात लावता येणे ही बाजारातली पहिली समता आहे. ती नव्हती, तेव्हा तिला विक्रीचे तंत्र म्हणण्याची कोणाला आठवण झाली नाही.

ज्या घरांत ही आठवण अजून बोलली जाते, तिथल्या माणसाला मोठ्या दुकानाच्या फडताळासमोर निवांत उभे राहणे ही नुसती चैन वाटत नाही. फडताळ आडनाव विचारत नाही. बाजारीकरणावर टीका करताना हे विसरू नये. फार थोड्या जागांनी आपल्या समाजात माणसाला न विचारता आत घेतले आहे.

अर्थात फडताळ विचारत नसले, तरी माणसे अजून पाहतात. दारावरचा पहारेकरी कपडे पाहतो. विक्रेता पायांतल्या चपला पाहतो आणि कोणत्या कप्प्याला हात घालायचा ते ठरवतो. समोर काय मांडायचे हे ठरवणाऱ्याने अर्धी निवड आधीच केलेली असते. ‘हे तुम्हांला परवडणार नाही’ असे न बोलताही सांगता येते. ज्याला हे सांगितले जाते, त्याला ते वर्षानुवर्षे लक्षात राहते.

*

महाराष्ट्रात निवडीचा सर्वांत मोठा सोहळा लग्नाच्या बस्त्यात दिसतो.

लग्न ठरले की दोन्ही घरची माणसे मिळून कापडदुकानात जातात. नवरीचा शालू, पैठणी, विहिणीची साडी, मावशी-आत्यांच्या मानाच्या साड्या, नवऱ्याचा पोशाख, आहेराची कापडे. दिवस त्यात जातो. पांढऱ्या चादरीच्या गादीवर सगळे बसतात. पाणी येते, चहा येतो, मुलांसाठी काही गोड येते. एकेक घडी उलगडते. कोणी काठ पाहते, कोणी पदर पाहते, कोणी उलटी बाजू पाहते. एखादीच्या खांद्यावर पदर टाकून तिला आरशासमोर उभे करतात. ‘आणखी दाखवा’ हे शब्द दिवसभर ऐकू येतात. विक्रेता कंटाळत नाही. कंटाळा न दाखवणे हेच त्याचे कसब असते.

वर वर पाहता हा वेळेचा अपव्यय वाटतो. एका जाणकार बाईने जाऊन दोन तासांत सगळे आणले असते, आणि कदाचित स्वस्त आणले असते. पण तिने आणलेल्या साड्या कोणाच्याच झाल्या नसत्या. मांडवात रुसवे होतात ते साडीच्या किमतीवरून कमी आणि न विचारल्यावरून जास्त. आत्याबाई बस्त्याला होत्या, त्यांनी हिरवी नको म्हटले, जांभळी त्यांनीच उचलली. आता ती जांभळी त्यांना आयुष्यभर शोभते.

दोन घरे इथे पहिल्यांदा एकत्र काही ठरवतात. कोण भाव विचारते आणि कोण विचारत नाही, कोण स्वतःसाठी स्वस्त आणि दुसऱ्यासाठी भारी निवडते, कोण आपल्या माणसांकडे पाहून मगच बोलते, हे सगळ्यांना सगळ्यांचे दिसते. साड्या पाहता पाहता माणसे पाहून होतात. बस्ता टिकून राहिला आहे तो यासाठी.

चांगला विक्रेता हे सारे जाणतो. कोणाचा शब्द शेवटचा हे त्याला थोड्या वेळात कळते. तो तिच्याशी कमी बोलतो आणि तिच्याकडे जास्त पाहतो. साड्या पुष्कळ झाल्या की तो बाकीच्या हळूच बाजूला करतो आणि दोनच समोर ठेवतो. ‘ही की ती’ असा प्रश्न उरतो. ‘घ्यायची की नाही’ हा प्रश्न कधी उठून गेला, हे कोणाच्या लक्षात येत नाही. दोहोंतले एक निवडण्याचा आनंद इतका असतो, की तिसरी वाट बंद झाल्याचे दुःख होत नाही.

साड्यांचा ढीग वाढतो तसे मनावरचे ओझे वाढते. आपल्यासाठी एवढ्या घड्या मोडल्या, एवढा चहा झाला, एवढा वेळ दिला. आता उठून जाणे अवघड होते. दाखवणे ही सेवा होती. हळूहळू ते कर्ज होते. भिडेने केलेली खरेदीही वहीत विक्री म्हणूनच लिहिली जाते. पण भीड पडून घेतलेल्या वस्तूकडे माणूस पुन्हा प्रेमाने पाहत नाही, आणि त्या दुकानाची पायरी पुन्हा सहज चढत नाही.

या सगळ्यात नवरी कुठे असते? ती गादीच्या मधोमध असते. तिच्याच खांद्यावर पदर टाकले जातात. तिला विचारले जाते शेवटी. ‘तुला आवडला ना?’ या प्रश्नात उत्तर आधीच बसलेले असते. तिने मान हलवायची असते. ती हलवते. सगळ्यांना समाधान वाटते की मुलीच्या पसंतीने झाले.

होकार घेणे आणि निवडू देणे यांत अंतर आहे. होकार घेणाऱ्याला उत्तर ठाऊक असते. निवडू देणाऱ्याला ते ठाऊक नसते, आणि आलेले उत्तर आपल्याला न रुचणारे असले तरी ते पाळायची त्याची तयारी असते. घरातली बरीचशी लोकशाही पहिल्या प्रकारची आहे. कचेऱ्यांतली आणि संस्थांतलीही तशीच आहे.

अलीकडे अनेक मुली बस्त्याला स्वतः बोलतात. हा रंग नको, एवढा भारी शालू नको, एकदाच नेसायचा त्यावर एवढा खर्च नको. दुकानात क्षणभर शांतता होते. ही शांतता चांगली आहे. तिची सवय सगळ्यांना लागली पाहिजे.

काही घरांत एखादी साडी कपाटाच्या तळाशी वर्षानुवर्षे घडी न मोडता पडून असते. ती कोणी निवडली, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असते. ते कोणी बोलत नाही.

*

खरेदीत माणसाला सामील करून घेण्याचा एक चांगला मार्ग येवल्यात पाहायला मिळतो. तिथे पैठणी घ्यायला गेलेल्या माणसाला माग दाखवतात. ताणा कसा लावला, काठात जर कशी जाते, पदरावरचा मोर हाताने कसा भरला जातो, ते तो डोळ्यांनी पाहतो. पदर जितका भरगच्च तितके दिवस जास्त लागतात. मोठ्या कामाला महिने लागतात. हाताने विणलेल्या पदराची मागची बाजूही पुढच्यासारखीच स्वच्छ असते, हे तो उलटून पाहतो. मग नक्षी मुनियाची हवी की आसावलीची, काठ नारळी हवा की साधा, जमीन कोणत्या रंगाची, हे त्याला विचारले जाते.

माग पाहून आलेला माणूस घासाघीस कमी करतो. त्याच्यावर कोणी दडपण आणलेले नसते. त्याला किंमत कळलेली असते. त्यातले काही जण घेत नाहीत. आपल्याला हे झेपणार नाही, हेही त्यांना तिथेच कळते. ते मागाला हात जोडून परत जातात. ग्राहकाला शहाणे करणारी विक्री कधी कधी हातची जाते. पण पुढे कोणी पैठणीच्या नावाने यंत्रावरची साडी दाखवली, तर तो माणूस फसत नाही. अस्सल माल विकणाऱ्याला जाणत्या ग्राहकाची भीती नसते.

घासाघिशीविषयी फार सांगण्यासारखे नाही. तीही एक सामिलकी आहे. भाव उतरवून घेतल्याचे सुख पुष्कळदा उतरलेल्या भावापेक्षा मोठे असते. ‘एकच भाव’ अशी पाटी लावणारा दुकानदार ते सुख देत नाही. तो दुसरे काही देतो. त्याच्याकडे बोलता न येणाऱ्या माणसालाही तीच किंमत पडते. भिडस्तांसाठी आणि लहान मुलाला तेल आणायला पाठवणाऱ्या घरांसाठी ही पाटी फार मोलाची आहे.

*

निवड जितकी जास्त तितकी विक्री जास्त, हे गणित सरळ नाही. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांनी कॅलिफोर्नियातल्या एका दुकानात जॅमच्या चवी मांडून पाहिल्या. कधी 24 ठेवल्या, कधी 6. 24 चवींपाशी जास्त लोक थांबले. विकत घेणारे मात्र त्यांतले शंभरांत तीनच निघाले. 6 चवींपाशी थांबलेल्यांपैकी सुमारे तीस टक्क्यांनी जॅम घेतला. हा अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला आणि जगभर सांगितला गेला. पुढे अशा अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब 2010 साली मांडला गेला, तेव्हा सरासरी परिणाम जवळजवळ शून्य भरला. कुठे जास्त निवडीने विक्री घटली, कुठे वाढली.

आकड्यांनी इथे हात टेकले ते बरे झाले. माणूस काय हवे ते ठरवून आला असेल, तर शंभर प्रकारांतून तो आपला एक उचलतो. ठरवून आला नसेल, तर सहाही त्याला पुष्कळ होतात. निवडीचा भार वस्तूंच्या संख्येत कमी आणि निवडणाऱ्याच्या मनात जास्त असतो. भरपूर पर्याय मांडून दूर उभा राहणारा दुकानदार स्वातंत्र्य देतोच असे नाही. कधी कधी तो माणसाला एकटे पाडतो. ‘तुमचे जेवण कितीजणांचे, भात मोकळा हवा का’ असे विचारून तांदूळ सुचवणारा वाणी निवड कमी करतो, आणि तरी त्याच्याकडे माणसाला मोकळे वाटते.

आपल्या हाताने केलेल्या वस्तूचे मोल माणसाला अधिक वाटते, हेही अभ्यासून झाले आहे. मायकेल नॉर्टन, डॅनियल मोचॉन आणि डॅन अॅरिअली यांनी 2012 साली हे मांडले. स्वतः घड्या घालून केलेल्या कागदाच्या पक्ष्याला लोक जाणत्या कारागिराच्या कामाइतके मोल देतात. याच अभ्यासाची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. काम अर्धवट राहिले, किंवा करून लगेच मोडले, तर ते जादा मोल नाहीसे होते.

माणसाला बोलावून त्याचे मत घेतात आणि ते बासनात ठेवतात, तेव्हा असेच होते. पुढच्या वेळी तो येतो, बसतो, सही करतो. त्याचे मन आलेले नसते. सामील करून घेतल्याचा देखावा न विचारण्यापेक्षा जास्त नुकसान करतो, कारण न विचारलेल्या माणसाला निदान आशा असते.

*

आता पुष्कळशी खरेदी हातातल्या पडद्यावर होते. तिथे फडताळाला अंत नाही, आणि वाट आखणारा दिसत नाही. वेळ संपत आल्याचे घड्याळ पळत राहते. न मागितलेली वस्तू यादीत येऊन बसते. हप्ता सुरू करायला एक बटण आणि बंद करायला दहा पायऱ्या. ‘घ्या’ मोठ्या रंगीत अक्षरांत आणि ‘नको’ फिकट, बारीक. काही ठिकाणी नको म्हणायचे तर ‘मला बचत करायची नाही’ अशा वाक्यावर बोट ठेवावे लागते. नकार देणाऱ्याच्या तोंडी त्याचीच निंदा घातली जाते.

या युक्त्यांविरुद्ध भारत सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2023 च्या नोव्हेंबरअखेरीस मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि अशा 13 प्रकारांची यादी दिली. खोटी घाई, टोपलीत गुपचूप घातलेली वस्तू, नकाराबद्दल लाजवणे, वर्गणीचा सापळा हे सगळे तिच्यात आहेत. यादी वाचताना एक गोष्ट जाणवते. यांतल्या बहुतेक युक्त्या कापडदुकानाच्या गादीवर, गाड्यावर, जत्रेत होत्याच. तिथे समोर माणूस होता. त्याला ग्राहकाचा अवघडलेला चेहरा दिसत असे आणि कधी कधी तो स्वतःच म्हणे, ‘राहू द्या, पुन्हा या.’ पडद्याला चेहरा दिसत नाही. माणसातली ही दया यंत्रात आपोआप येत नाही. तिच्यासाठी नियम लिहावा लागतो.

ग्राहकाला खऱ्या अर्थाने सामील करून घेणारा एक प्रयोग मुंबईत झाला. बिंदुमाधव जोशी यांनी उभारलेल्या ग्राहक चळवळीतून 1975 साली मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. संगीतकार सुधीर फडके हेही तिच्या आरंभीच्या कार्यकर्त्यांत होते. शेजारच्या काही कुटुंबांनी मिळून संघ करायचा, महिन्याची मागणी आधी नोंदवायची, माल एकत्र खरेदी करायचा आणि आपापसांत वाटून घ्यायचा. मॉलच्या मानाने इथली यादी लहान. इथे माणूस वस्तूसमोर उभा राहून ठरवत नाही. घरी, डबे पाहून, खर्चाचा अंदाज घेऊन ठरवतो. अनेक मध्यमवर्गीय घरांना आपल्याला दरमहा किती साखर लागते, हे मागणीच्या या नोंदीने पहिल्यांदा विचारायला लावले. मोहाच्या जागेपासून दूर बसून केलेली निवड शांत असते. तिच्यात शेजाऱ्याचाही हात असतो.

*

पॅरिसमध्ये अरिस्तीद बुसिको 1852 साली ‘बों मार्शे’ या दुकानात भागीदार झाले. त्यांनी वस्तूंवर ठरलेल्या किमती लावल्या आणि न आवडलेली वस्तू परत घेण्याची हमी दिली. आणखी एक गोष्ट त्यांनी रूढ केली. आत यायला कोणालाही मोकळीक होती आणि आत आलेल्याने काही घेतलेच पाहिजे, अशी अपेक्षा नव्हती. तोवर दुकानात शिरणे म्हणजे घ्यायचे कबूल करणे असे. तिथे लोक फिरायला आले, पाहून गेले आणि पुन्हा आले. लहानसे दुकान त्या शहरातल्या सर्वांत मोठ्या दुकानांपैकी एक झाले.

भारतात ग्राहक संरक्षण कायदा 1986 साली झाला. 2019 साली त्याच्या जागी नवा आला. स्पर्धेच्या भावात वेगवेगळ्या वस्तू उपलब्ध असण्याचा हक्क त्यात आहे. फसवणुकीविरुद्ध दाद आहे. पाहून, हाताळून, वेळ घेऊन काहीच न घेता उठण्याची मोकळीक कोणत्या कलमातून मिळत नाही. ती समोरच्या माणसानेच द्यायची असते.

लग्नसराईत गादी मांडणाऱ्या दुकानदारांनी ती द्यावी. घड्या मोडून काही न घेता उठणाऱ्या घरालाही दारापर्यंत सोडायला जावे आणि पुन्हा येण्याचे निमंत्रण मनापासून द्यावे. पडद्यावर माल विकणाऱ्यांनी ‘नको’ची अक्षरे ‘घ्या’च्या अक्षरांएवढी करावीत. आणि बस्त्याला जाणाऱ्या घरांनी नवरीला पहिल्यांदा विचारावे, दुकानात शिरण्याआधी, घरीच.